तंबू फुकट, धंदा रोख

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल हा उकळत्या पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने एकदा उसळतो. त्याच्या जवळच एक जुनं लाकडी दुकान आहे. त्या दुकानातल्या एका खोलीच्या भिंतींना रंग दिलेला नाही. वटलेले धनादेश एकाला एक लावून डकवले आहेत. दुकानाचे मालक चार्ल्स हॅमिल्टन यांनी धंद्यातल्या देण्यांपोटी फाडलेल्या या धनादेशांची बेरीज दहा लाख डॉलरांच्या वर जाते, म्हणून तिला ‘मिलियन डॉलर रूम’ म्हणतात.

हॅमिल्टन यांनी हे दुकान १९१५ साली विकत घेतलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला यलोस्टोनमध्ये खासगी मोटारींना प्रवेश मिळाला. मोटारीतून येणारं कुटुंब बहुधा हॉटेलात उतरत नसे. गाडीला बांधून आणलेला तंबू सोडायचा, झाडाखाली ठोकायचा, चूल पेटवायची, असा त्यांचा बेत. जागेचं भाडं शून्य. पण पाव, अंडी, बेकन, कॉफी लागेच, आणि गाडीला पेट्रोल. हॅमिल्टन यांनी १९२० मध्ये भागीदारीत पेट्रोलपंपही सुरू केला. फुकट झोपणाऱ्यांच्या जिवावर एका दुकानदाराचा संसार कसा उभा राहिला, याचा पुरावा त्या भिंतींवर आहे.

राष्ट्रीय उद्यानात फुकट मुक्काम करू दिला की परिसरातल्या हॉटेलवाल्यांच्या पोटावर पाय येतो, ही तक्रार जुनी आहे आणि आजही होते. मागचा इतिहास बघितला की मला वेगळं दिसतं. फुकट जागेमुळे धंदा बुडाला असं फारसं झालं नाही. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला. ज्यांच्या हातात गेला, त्यांच्यातल्याच काहींनी पुढे त्या फुकट जागेविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं.

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा तिथे पोचण्यातच माणूस अर्धा खर्ची पडे. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा फाटा उत्तरेच्या वेशीजवळ आला. पूर्वेकडच्या शहरांतला सुखवस्तू प्रवासी रेल्वेने यायचा, घोड्यांच्या बग्गीत बसायचा, पाचसहा दिवस ठरलेल्या वाटेने फिरायचा आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या हॉटेलात उतरायचा. रेल्वे, बग्गी आणि हॉटेल यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते. या साखळीबाहेर राहून येणारेही होते. आसपासच्या मुलखातले शेतकरी, छोटे दुकानदार, शिक्षक घरचीच घोडागाडी जुंपून, पीठमिठासकट निघायचे आणि वाटेवरच्या सेजब्रश झुडपांच्या माळावर मुक्काम टाकायचे. त्यांना सेजब्रशर म्हणत. हॉटेलांच्या वहीत त्यांची नोंद नसे, त्यामुळे त्या काळच्या पर्यटनाच्या हिशोबात ते जवळजवळ नव्हतेच.

१८८६ ते १९१८ या काळात यलोस्टोनचा कारभार लष्कराकडे होता. घोडदळाच्या शिपायांना तंबूवाल्यांकडून पैसा नको होता. त्यांना धास्ती होती ती मागे राहिलेल्या निखाऱ्यांची. चूल न विझवता पुढे गेलेल्याला गाठून ते जाब विचारत. मुक्कामाच्या जागेवर सरकारची नजर पडली ती अशी, आगीच्या भीतीने. पैशाचा विचार त्यात नव्हता.

याच काळात हॉटेल आणि उघडा माळ यांच्या मधली पायरी दोन शिक्षकी घरांनी शोधली. बोझमन गावचे शाळा अधीक्षक विल्यम वायली यांनी यलोस्टोनमध्ये पट्ट्यापट्ट्यांचे, उन्हाळाभर एकाच जागी उभे राहणारे तंबू लावले. त्यात पलंग, शेगडी, आणि जेवणाला वेगळा मोठा तंबू. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत १८९९ साली डेव्हिड आणि जेनी करी या दांपत्याने सात तंबू घालून दिवसाला दोन डॉलरांत राहण्याजेवणाची सोय केली. त्या सात तंबूंचं पुढे मोठं गाव झालं, ते आज करी व्हिलेज म्हणून ओळखलं जातं. हॉटेल न परवडणारा पण येण्याची इच्छा असलेला वर्ग किती मोठा आहे, हे मोठ्या कंपन्यांच्या आधी या शिक्षकांना कळलं.

मोटारी आल्या आणि सेजब्रशरांची संख्या मोजण्यापलीकडे गेली. माउंट रेनियरने १९०८ मध्ये मोटारींना वाट दिली, योसेमिटीने १९१३ मध्ये, यलोस्टोनने १९१५ मध्ये. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मॅथर हे बोरॅक्सच्या व्यापारात पैसा कमावलेले गृहस्थ. उद्यानांना निधी हवा तर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मतदार तिथे जाताना दिसले पाहिजेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोटारीतला सामान्य माणूस त्यांना म्हणून हवा होता.

१३ मे १९१८ रोजी गृहखात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांच्या सहीने मॅथर यांना एक पत्र गेलं. (अमेरिकेत या खात्याकडे सरकारी जमिनी असतात, पोलीस नव्हे.) मसुदा होरेस ऑलब्राइट यांचा, जे पुढे स्वतः संचालक झाले. उद्यान सेवेचं धोरण म्हणून हे पत्र आजही अभ्यासलं जातं. त्यात मुक्कामाच्या तीन पायऱ्या स्पष्ट लिहिल्या आहेत. जिथे गर्दी असेल तिथे चांगली, अगदी ऐषारामी हॉटेलंसुद्धा. त्याखाली ठेकेदारांनी चालवलेले स्वस्त तंबूतळ. आणि प्रत्येक उद्यानात, पैसे उपलब्ध होतील तसे, पाणी आणि स्वच्छतेची सोय असलेले विनाशुल्क तळ. मोटार आत आणायला पैसे पडत, पण आत आल्यावर जमिनीवर पाठ टेकायला नाही.

मला या पत्रातली तिसरी पायरी सर्वांत मोलाची वाटते. रान मोकळं आहे, कुठेही झोपा, असं सरकार म्हणत नव्हतं. नळ आम्ही बसवू, संडास आम्ही बांधू, आणि तरीही भाडं घेणार नाही, असं म्हणत होतं. सार्वजनिक वाचनालयामागे जी भूमिका असते तीच ही.

व्यापाराचं काय झालं? रेल्वेच्या साखळीला धक्का बसला हे खरं. यलोस्टोनमधल्या घोड्यांच्या बग्ग्या १९१७ मध्ये गेल्या, त्यांच्या जागी मोटारबस आल्या. बग्गीला जो टप्पा दिवसभराचा, तो मोटारीला सकाळचा. त्यामुळे मधल्या मुक्कामांची गरज संपली आणि फाउंटन हॉटेलसारखं मोठं हॉटेल बंद पडलं. या पडझडीचं खापर तंबूवर फोडणं सोपं होतं, पण खरं कारण इंजिन होतं. त्याच वेळी किराणा, सरपण, पेट्रोल आणि छायाचित्रांच्या फिल्मची विक्री वाढत गेली. हेन्स कुटुंबाची फोटोची दुकानं आणि हॅमिल्टन यांची दुकानं त्या दशकात फोफावली. हॉटेलाचा ग्राहक एकाच बिलात सगळं चुकतं करायचा. तंबूचा ग्राहक दहा ठिकाणी थोडं थोडं देऊ लागला. दहा छोट्या दुकानदारांना हे बरंच होतं.

उद्यानांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गावांनी हा धडा उचलला. १९२०च्या सुमारास अमेरिकेत नगरपालिकांनी चालवलेल्या मोफत मोटारतळांची लाट आली. डेन्व्हरच्या ओव्हरलँड पार्कचं नाव त्यात सर्वांत गाजलं. नदीकाठची १६० एकर जागा, आठशे गाळे, क्लबहाऊस, किराणा दुकान, कपडे धुण्याची सोय. रॉकी माउंटन उद्यानाकडे निघालेली कुटुंबं इथे आठ-आठ दिवस राहत. हा उदारपणा व्यापारी मंडळींच्या आग्रहाने आलेला होता, त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. तंबूत राहणारा माणूस टायर घेतो, बूट घेतो, औषधं घेतो आणि घरी जाऊन गावाचं नाव काढतो, हे त्यांचं गणित होतं. ते बरोबरही होतं. गावागावांत चढाओढ लागली. शेजारच्या गावात गरम पाणी आहे म्हटल्यावर आपल्या गावात बंब बसे.

मग ही मोफत दारं का बंद झाली?

जुनाट फोर्ड गाडीत बिऱ्हाड घालून मजुरीच्या शोधात फिरणारी कुटुंबंही त्याच तळावर उतरू लागली. ती बूट विकत घेत नव्हती आणि आठ दिवसांनी हलतही नव्हती. गावाला खरेदी करणारा पाहुणा हवा होता, गरजू नको होता. आणि दारात दोघांना वेगळं ओळखायचं साधन म्हणजे शुल्क. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गावांनी रात्रीचे पंचवीस ते पन्नास सेंट लावले. ही रक्कम उत्पन्नासाठी नव्हती, चाळणी म्हणून होती. पर्यटनाच्या इतिहासात यावर फार कमी बोललं जातं, पण शुल्काच्या प्रत्येक चर्चेखाली हा प्रश्न दडलेला आहे, असं मला वाटतं.

नगरपालिकेने पैसे घ्यायला सुरुवात केल्यावर रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला वाटलं, मग मी का नको? त्याने आपल्या शेताच्या तुकड्यावर तळ काढला. शेजाऱ्याने त्याच्यावर ताण म्हणून लाकडी खोपटी उभारली. खोपटीत पलंग आला, मग गादी, मग न्हाणीघर. डिसेंबर १९२५ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या मधोमध, सॅन लुईस ओबिस्पो इथे आर्थर हाइनमन या वास्तुतज्ज्ञाने मोटारीशेजारी खोली देणारं जे हॉटेल काढलं, ते जगातलं पहिलं मोटेल मानलं जातं. आज ज्या मोटेलांचे मालक फुकट तळांना प्रतिस्पर्धी समजतात, त्यांच्या धंद्याची नाळ ही अशी फुकट तळात पुरलेली आहे.

उद्यानांच्या आत मात्र मोफत तळ चालू राहिले, आणि तिथे दुसरंच संकट उभं राहिलं. ते पाहिलं एका वनस्पतिरोगतज्ज्ञाने. एमिलिओ माइनेके हे अमेरिकी सरकारच्या सेवेत होते. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या राईत हजार-हजार वर्षांची झाडं शेंड्याकडून निस्तेज होताना दिसत होती. कीड नव्हती, बुरशी नव्हती. माइनेके यांनी जमिनीकडे पाहिलं. उन्हाळाभर तीच तीच पावलं आणि तीच तीच चाकं फिरून माती दाबली गेली होती. रेडवुडची बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. घट्ट झालेल्या त्या थरातून त्यांना ना पाणी मिळत होतं, ना हवा. आधी झुडपं गेली, मग गवत, मग उघडी धूळ राहिली. झाड पडत नव्हतं, पण उपाशी मरत होतं. लोक याच झाडाच्या ओढीने येत होते आणि त्यांच्याच पायांखाली ते जात होतं.

१९३२ साली त्यांनी तळांच्या आखणीचं धोरण लिहून दिलं. उपाय साधा होता. मोटार हवी तिथे जाऊ शकते, हेच नुकसानीचं मूळ. म्हणून एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता आखायचा. त्याला ठरावीक अंतरावर तिरके फाटे काढायचे, प्रत्येक फाट्यावर एकच गाडी. गाडी पुढे सरकू नये म्हणून मोठे दगड किंवा ओंडके रोवायचे. टेबल जमिनीत पक्कं, चूल दगडी आणि पक्की, तंबूची जागा ठरलेली. दोन जागांमध्ये झुडपं राखायची, म्हणजे शेजाऱ्याचा आडपडदाही राहतो. १९३३ पासून मंदीतल्या बेकार तरुणांच्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरने देशभर असे तळ बांधले. आजही अमेरिकेतल्या कुठल्याही उद्यानात गाडी मागे घेत आपण ज्या फाट्यावर लावतो, ती आखणी मुळात माइनेके यांची.

या आखणीने झाडं वाचली, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण तिचा एक परिणाम त्यांच्या हेतूबाहेरचा होता. मोकळ्या माळावर किती तंबू मावतात, हे कोणी सांगू शकत नाही. आखलेल्या तळावर जागा मोजता येतात, त्यांना क्रमांक देता येतात, ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी लावता येते. क्रमांक पडला की भाडं लावायला वेळ लागत नाही.

या जागा सगळ्यांना सारख्या खुल्या होत्या असंही नाही. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन हा तळ केवळ कृष्णवर्णीयांसाठी म्हणून उघडला गेला; उद्यानातला हा भेद संपायला १९५० उजाडावं लागलं. योसेमिटीच्या दरीत तर हजारो वर्षं राहणाऱ्या अहवाहनीची लोकांचं उरलंसुरलं गाव उद्यान प्रशासनाने १९६९ मध्ये पाडून टाकलं. पाहुण्याला राहायला जागा होती, मूळ रहिवाशाला नव्हती. मोफत तळाचं कौतुक करताना हे विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पगार वाढले, रस्ते सुधारले, सुट्ट्या भरपगारी झाल्या, आणि उद्यानं तुंबली. दुरुस्तीला पैसा नव्हता. लेखक बर्नार्ड डिव्होटो यांनी १९५३ मध्ये हार्पर्स मासिकात, पैसे देता येत नसतील तर उद्यानं बंद करा, असा लेख लिहून खळबळ उडवली. १९५६ पासून दहा वर्षांच्या ‘मिशन ६६’ योजनेत तळ वाढवले गेले, पण गर्दी त्यांच्या पुढे धावत होती.

ही तुंबलेली गर्दी एका माणसाने नेमकी हेरली. १९६२ साली सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. मोंटानातल्या बिलिंग्ज गावात डेव्ह ड्रम यांची यलोस्टोन नदीकाठी जमीन होती. प्रदर्शनाला निघालेली कुटुंबं रस्त्याकडेला मिळेल तिथे मुक्काम करताना त्यांना दिसली. त्यांनी आपल्या जमिनीवर तळ काढला. प्रत्येक जागेला टेबल, चूल, शिवाय गरम पाण्याचे शॉवर, स्वच्छ संडास आणि छोटं दुकान. दर रात्रीला पावणेदोन डॉलर. त्यातून केओए ही कंपनी निघाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिचे आठशेहून अधिक तळ होते. सुरुवातीच्या वर्षांत, उद्यानांत मुक्काम मोफत असताना, लोक गरम शॉवरसाठी पैसे मोजत होते, यावरून फुकट आणि विकत हे दोन्ही एकत्र नांदू शकतात, एवढं तरी सिद्ध होतं.

पण धोरण एव्हाना दुसरीकडे वळलं होतं. लॉरन्स रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९६२ मध्ये मैदानी पर्यटनाचा अहवाल दिला आणि वापरणाऱ्याने खर्चातला वाटा उचलावा, हा विचार पुढे आणला. १९६४ मध्ये लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड कायदा झाला, १९६५च्या आरंभी लागू झाला, आणि उद्यानांतल्या तयार तळांवर शुल्क घेण्याचा रस्ता उघडला. लेन यांच्या पत्रातली तिसरी पायरी जवळजवळ अर्धशतक टिकून गेली.

खासगी तळवाल्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण ते निव्वळ स्वार्थाचं नाही. ज्याने कर्ज काढून जमीन घेतली, पंप बसवला, कर भरला, त्याच्या शेजारी सरकार करदात्याच्या पैशाने तीच सोय फुकट देत असेल तर तो कुठे जाईल? २००४च्या कायद्यात याचं उत्तर सापडतं. सरकारी जमिनीवरचं शुल्क ठरवताना जवळपासचे खासगी व्यावसायिक काय दर घेतात, तेही विचारात घ्यावं, असं तो कायदा सांगतो. जमलेल्या शुल्कातला किमान ऐंशी टक्के पैसा त्याच उद्यानात खर्च होतो, हे त्या कायद्याचं चांगलं कलम. पण बाजारभाव हा मापदंड झाला की दर वर चढतात. योसेमिटीतल्या अपर पाइन्स तळावर आज एका रात्रीला ३६ डॉलर पडतात.

फुकट किंवा जवळपास फुकट मुक्कामातून काय उगवू शकतं, याचं माझ्या मते सर्वांत ठसठशीत उदाहरण त्याच दरीत आहे. कॅम्प ४ हा धुळीचा, गैरसोयीचा तळ. १९५०-६०च्या दशकांत एल कॅपिटनसारखे कडे चढू पाहणारे कफल्लक तरुण तिथे आठवडेच्या आठवडे पडून असत. त्यांच्यातला इव्हॉन शुइनार्ड लोहारकाम स्वतः शिकला होता. तो पोलादाचे पिटन, म्हणजे कड्याच्या भेगांत ठोकायच्या खुंट्या, घडवायचा आणि गाडीच्या डिकीतून दीड-दीड डॉलरला विकायचा. त्या डिकीतल्या दुकानातून आधी गिर्यारोहणाच्या साहित्याचा कारखाना निघाला आणि १९७३ मध्ये पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी. जगभरातल्या प्रस्तरारोहणाची पद्धत आणि तिचा बाजार ज्या मोजक्या जागांनी घडवला, त्यांत हा तळ येतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. ही मुलं रात्रीमागे पैसे देऊ शकली नसती, आणि त्या वर्षांत हॉटेलवाल्याच्या लेखी त्यांची किंमत शून्य होती.

१९७०च्या दशकात तळांवरच्या जागा आधी राखून ठेवण्याची पद्धत आली. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला पूर आला, योसेमिटीच्या दरीतले अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर हे तळ वाहून गेले आणि पुन्हा उघडलेच नाहीत. दरीतल्या तंबूंच्या जागा खूप घटल्या, माणसं मात्र घटली नाहीत. ती मारिपोसा, ओखर्स्ट, ग्रोव्हलँड, एल पोर्टल इथल्या खोल्यांत गेली. बे एरियातल्या मराठी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. महिन्याच्या पंधरा तारखेला सकाळी सातच्या ठोक्याला, पाच महिन्यांनंतरच्या तारखांसाठी, संगणकापुढे बोट रोखून बसणं आणि काही क्षणांत सगळ्या जागा गेलेल्या पाहणं त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. मग भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन मोटेल गाठायचं. तिथे काउंटरवर बहुधा गुजराती मालक किंवा त्यांचं कुटुंब भेटतं. देशातली निम्म्याहून अधिक हॉटेलं आपल्या सभासदांची आहेत, असं भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांची संघटना सांगते. तंबूला जागा नसल्याचा फायदा ज्यांच्याकडे वळला, त्यांत आपलेही लोक आहेत.

हा फायदा किती मोठा आहे? उद्यान सेवेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांना ३२ कोटी ५५ लाख भेटी नोंदल्या गेल्या आणि पाहुण्यांनी आसपासच्या प्रदेशात २६.४ अब्ज डॉलर खर्च केले. त्यांत सर्वांत मोठा वाटा राहण्याचा, जवळपास दहा अब्ज. हॉटेलात उतरणारा दर रात्री तंबूवाल्यापेक्षा बराच जास्त खर्च करतो, हेही या अहवालांत दर वर्षी दिसतं. फुकट तळांच्या विरोधात हा आकडा हमखास पुढे केला जातो. त्यात एक गोष्ट राहून जाते. तंबूची सोय नसती तर तो माणूस हॉटेलात गेला असता, हे गृहीत धरलेलं आहे. बहुतेकदा तो आलाच नसता.

उद्यानांच्या आतून बहुतांशी हद्दपार झालेला मोफत मुक्काम आता कुंपणाबाहेर, वनखातं आणि भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीवर तग धरून आहे. साधारण नियम असा की एका जागी चौदा दिवसांपर्यंत राहा आणि पुढे सरका. युटातल्या मोआब गावाभोवती, आर्चेस उद्यानाच्या दाराशी, या नियमाचे बरेवाईट दोन्ही परिणाम दिसतात. गावात जीप भाड्याने देणारे, सायकली दुरुस्त करणारे, केवळ शॉवरचे पैसे घेणारे असे धंदे चालतात. त्यांच्या गिऱ्हाइकांत असे मुक्कामी पुष्कळ. पण वाळवंटात मैला कुजत नाही. म्हणून मोआबच्या भूव्यवस्थापन विभागाने अनेक भागांत प्रत्येक मुक्कामीजवळ फिरता संडास असणं सक्तीचं केलं आणि नदीकाठच्या मोकळ्या जागांचे आखीव, सशुल्क तळ केले. माइनेके यांनी रेडवुडच्या राईत जे पाहिलं, तेच इथे वाळूत पुन्हा घडलं. सोय न देता फुकट जागा देणं हा लेन यांच्या पत्राचा अर्थ कधीच नव्हता.

आणि वायोमिंगमधलं जॅक्सन. ग्रँड टेटन उद्यानाच्या दाराशी असलेलं हे अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक. टेटन परगण्यातली जवळपास ९७ टक्के जमीन सरकारी, त्यामुळे उरलेल्या तुकड्यावर घरांचे भाव आकाशाला भिडलेले. इथल्या हॉटेलांत चादरी बदलणारे, खानावळींत भांडी घासणारे, राफ्ट वल्हवणारे हंगामी कामगार वर्षानुवर्षं उन्हाळ्यात ब्रिजर-टेटन जंगलातल्या मोफत जागांवर गाडीत किंवा तंबूत राहत आले आहेत. शॅडो माउंटनवरून टेटनची रांग समोर दिसते. तिथे सकाळी सहाला गाडीतून उठून कामावर जाणारी माणसं पर्यटकांच्या शेजारीच मुक्कामाला असतात. गर्दी वाढली तसं वनखात्याने शॅडो माउंटन, कर्टिस कॅनियन अशा ठिकाणी उन्हाळ्यातली मुदत पाच दिवसांवर आणली. जंगलासाठी ते आवश्यक होतं. पण त्या पाच दिवसांनंतर कामगाराने कुठे जायचं, याचं उत्तर वनखात्याने द्यायचं नाही. ते हॉटेलमालकांनी आणि परगण्याने द्यायचं आहे.

फुकट मुक्कामामुळे प्रादेशिक धंद्याचं नुकसान होतं, असं म्हणणाऱ्यांनी जॅक्सनचा हिशोब एकदा नीट मांडावा. तिथला धंदा फुकट तंबूतल्या माणसांच्या श्रमावर चाललेला आहे. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक मोठ्या उद्यानाच्या आत किंवा लगत काही तळ विनाशुल्क असले पाहिजेत, पक्क्या संडासासह, पाण्यासह, माइनेके यांच्या आखणीने, मोजक्या जागांचे आणि मोजक्या दिवसांचे. त्यांचा खर्च परिसरातल्या हॉटेलांच्या खोल्यांवर लागणाऱ्या मुक्कामकरातून करावा.